सायकलीचं बलुतं

मिस्तरी गाड्यावर आडवा पडला होता आणि आम्ही दोघी बाया तो गाडा ओढत होतो. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. उचलून घातला तेव्हा एवढ्या उन्हात त्याच्या अंगाला घामाचा टिपूस नव्हता. कपाळ तव्यासारखं कोरडं. घाम असता तर मी घाबरले नसते.

त्याची बायको पुढं सायकलीचं हँडल धरून चालत होती. सायकलीला मागं गाडा अडकवलेला, आणि गाड्याच्या मागून मी ढकलत होते. मध्येच तो काहीतरी पुटपुटला. मी कान खाली नेला.

"काय म्हणत्यात?" बायकोनं मागं न बघता विचारलं.

"डाव्या चाकाचा नट ढिला हाय म्हणत्यात. वाजतंय म्हणत्यात."

"मंग हायेत अजून," ती म्हणाली. "ढकला."

त्यानंतर तो बोलला नाही. चाक वाजत राहिलं. थोड्या वेळानं तिनं विचारायचं सोडलं आणि मीही कान न्यायचं सोडलं. काय ते दोघींना कळत होतं, पण बोलून गाडा हलका होणार नव्हता.

मिस्तरी म्हणजे आमच्या गावचा सायकलवाला. शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यापलीकडं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. जातीनं सुतार. त्याच्या बापानं आणि आज्यानं गावाच्या बैलगाड्यांची चाकं केली, नांगर, पाभर केली, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घेतलं. म्हणजे वर्षभर लागेल ते काम करायचं, आणि पीक निघालं की ज्यानं त्यानं आपल्या राशीतून धान्य घालायचं. पुढं ट्रॅक्टर आले, बलुतं मोडलं. सुतारांची पोरं कुणी फर्निचरच्या कामाला पुण्याला गेली, कुणी शिक्रापूरच्या कारखान्यात लागली. हा एकटा म्हणाला, "गाडी गेली तर जाऊ द्या की. चाक तर हाय." आणि त्यानं सायकलींवर बलुतं सुरू केलं.

त्याचं असं होतं. सुगीला सूपभर बाजरी नाहीतर ज्वारी घालायची. मग वर्षभर तुमची सायकल रस्त्यात कुठंही बंद पडली तरी तो तिथं येणार, जागेवर चालती करणार, आणि नाहीच झाली तर गाड्यावर घालून घरी पोचवणार. दुकानात आणून दिलेलं काम वेगळं, ते रोखीचं. रस्त्यातलं काम बलुत्याचं.

"रस्त्यातल्या कामाचं पण पैसं घ्या की," मी एकदा म्हटलं.

"पैसं दिलं की तुमी सुटला, अक्का. मला कुणाला सोडायचं न्हाई."

हे सगळं आठवायचं कारण, परवा नातवानं मोटारसायकल घेतली. शोरूमवाला त्याला वर आणखी एक काहीतरी घ्या म्हणून मागं लागला होता. "आजी, रस्त्यात बंद पडली की फोन करायचा, त्यांचा माणूस येतो. घेऊ का?" मी म्हटलं, कोण माणूस येतो ते आधी विचार. तो हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

तेव्हा आमच्याकडं मोबाईल कुणी बघितलाही नव्हता. पोस्टात एक फोन होता, तो पोस्टमास्तर घरी गेला की कुलपात. मग रस्त्यात अडकलेल्या माणसानं मिस्तरीला बोलवायचं कसं? त्यानं त्यावर तोड काढली होती. सायकलीच्या घंटीवरची जी वाटी असते, ती फिरवून काढायची आणि आमच्या गावाकडं जाणाऱ्या कुणाच्याही हातात द्यायची. एसटीचा कंडक्टर, दुधाचा टेम्पो, वाळूचा ट्रक, कुणीही. त्यानं ती जाता जाता दुकानात टाकायची आणि जागा तोंडानं सांगायची. वाटीवरून माणूस कळायचा. कारण बलुतं घालणाऱ्या प्रत्येकाच्या वाटीवर त्यानं छिन्नीनं एक खूण ठोकलेली असायची. अक्षर त्याला येत नव्हतं. कुणाच्या वाटीवर मासा, कुणाच्या वाटीवर शिडी, आमच्या शेजारच्या धनगराच्या वाटीवर मेंढीची शिंगं. ते घराणं मेंढरं विकून कांदे करायला लागल्याला बराच काळ लोटला होता, पण शिंगं राहिली.

मी मेथी आणि कोथिंबीर विकायची. एसटीची वाट बघत भाजी माना टाकायची, म्हणून मी सायकल शिकले. लग्न झालेली बाई सायकलीवर बसते याचं लोकांना फार झालं. थोडे दिवस बोलले, मग थकले. मी पहिल्यांदा बलुतं घातलं तेव्हा मिस्तरीनं माझ्या वाटीवर मिरची ठोकली.

"मिरची का?"

"तुमी मिरच्या इकता न्हवं?"

"मी मेथी विकते."

त्यानं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मंग असू द्या," म्हणाला. "ठोकली ती ठोकली."

त्याची बायको आत हसायला लागली. तिला मिस्तरीण म्हणायचे. मोठ्या हाडाची बाई, बोलायला फटकळ, आणि त्याच्यावर दिवसभर चिडलेली. चिडायला कारणंही होती. वर्षाच्या बाजरीसाठी नवरा रोज कुठल्या तरी माळावर गेलेला, आणि दुकानात गिऱ्हाईक बसून. तीच मग पंक्चर काढायची. तिच्या हातचं पंक्चर त्याच्यापेक्षा जास्त टिकायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला कुणी सांगत नव्हतं.

आमच्या मालकांना हे बलुतं बिलकुल पटलं नव्हतं. मालक म्हणजे माझा नवरा. ते म्हणायचे, "सायकल बंद पडली तर हातात धरून चालत यायचं. पाय फुकट हायेत." हिशेब त्यांचा बरोबर होता. पंक्चर काय रोज होतं? काहींची सायकल सगळं वर्षभर बंद पडायची नाही. ते सुगीला सूप घालताना तोंड वाकडं करायचे, आणि मिस्तरी त्यांनाच सांगायचा, "औंदा एकदा पन आलो न्हाई तुमच्यासाठी. लई झाक वरीस गेलं बघा." जणू आपणच काहीतरी मोठं काम केलं. ऐकणाऱ्याला वाटायचं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करायचा नाही. त्याला येतच नव्हती.

माणसाची चौकशी करणं त्याच्यात नव्हतं. भेटला की विचारायचा, "काय म्हणती?" म्हणजे सायकल काय म्हणते. गावाच्या पोलीस पाटलाला एकदा चावडीसमोर असंच विचारलं. पाटील म्हणाला, "माहेरी गेलीय." मिस्तरी दचकला. "कुनी नेली?" पाटील म्हणाला, "तिचा भाऊ आला होता." "आन् तुमी दिलीत? ब्रेक न्हाईत तिला!" हे गावात पुष्कळ दिवस चाललं. पाटलीणबाई दिसल्या की पोरं ब्रेक, ब्रेक म्हणायची.

डोक्यावर तो काही घालायचा नाही. आमच्याकडं म्हातारा माणूस टोपीशिवाय दिसला तर लोकांना वाटतं घरात कुणी गेलं. पण हा बोडका. का विचारलं तर म्हणायचा, "टोपी उडाली की सायकल थांबवून तिच्या मागं पळावं लागतं. तवर तिकडं माणूस खोळंबतो." मग फडकं बांधा म्हटलं. "फडक्यानं ऐकू येत न्हाई." काय ऐकायचंय? "चाक."

शिक्रापूरच्या कारखान्यात जाणारी बरीच पोरं त्याच्याकडं बलुतं घालायची. रस्त्याला ट्रकची गर्दी, कामावर उशीर झाला की खाडा लागायचा, म्हणून त्यांना हे परवडायचं. त्यात एक बिहारकडचा होता, गावात खोली घेऊन राहायचा. त्याच्याकडं कुठली बाजरी? त्यानं तांदूळ आणले. मिस्तरी म्हणाला, "बलुत्याला तांदूळ चालत न्हाईत." पोरगा म्हणाला, "चाचा, हमारे खेत का है." शेतातला आहे म्हटल्यावर याचा नाइलाज झाला. मिस्तरीणीनं त्या दिवशी भात केला आणि दोघांनी न बोलता खाल्ला, असं तीच सांगायची.

या पोरांपैकी एकानं एकदा वाटी पाठवली आणि मग टेम्पो मिळाला म्हणून सायकल त्यात टाकून निघून आला. मिस्तरी सांगितलेल्या जागी गेला. तिथं कुणी नाही. दुसरा असता तर परत फिरला असता. हा दिवस मावळेपर्यंत दगडावर बसून राहिला. "बोलावल्या जागेवरनं हलायचं न्हाई," हा त्याचा नेम होता. "मी निघालो आन् माणूस तिथं आला तर?" दुसऱ्या दिवशी तो पोरगा शरमून दुकानात आला. त्याला हा एवढंच म्हणाला, "सायकल बरी हाय न्हवं?" शिव्या मिस्तरीणीनं घातल्या. तिनं दोघांनाही घातल्या.

आणि दुसरी गोष्ट कासुर्डीची. कासुर्डी म्हणजे पार तिकडं, सोलापूरच्या रस्त्याला, यवतजवळ. तिथून कुणाची तरी वाटी आली. वाटी पोचायलाच तीन गाड्या बदलाव्या लागल्या असतील. हा गाडा जोडून निघाला. मिस्तरीण म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन काय माती खायची हाय का?" तो गेला. कासुर्डीला एका धाब्यासमोर तो माणूस खाटेवर पडलेला, पिऊन तर्र. सायकल धडधाकट. मिस्तरीनं सायकल उलटी केली, चाकं फिरवून बघितली, एक नट आवळला, वाटी परत घंटीवर बसवली, वाजवून बघितली, आणि परत निघाला. धाबेवाला ओरडला, "अहो, याला न्या की!" हा म्हणाला, "सायकल बिघडली न्हाई, माणूस बिघडलाय. माझं बलुतं सायकलीचं."

हे ऐकून मी त्याला म्हटलं होतं, "मिस्तरी, तुमचं एक चुकतंय. वाटीवरून माणूस कळतो. जागा तोंडी असते. कुणी चुकीची सांगितली तर?"

"जागा कुठं हलती का अक्का?" म्हणाला.

तो उन्हाळा फार वाईट होता. विहिरीला पाणी राहिलं नव्हतं, भाजी थोडीच, पण भावाला चांगली. मी मांडवगणला बाजाराला गेले होते, मांडवगण फराट्याला. येताना गाव सुटायच्या आतच पायडलाची कॉटर पिन तुटली. पायडल नुसतं लोंबायला लागलं. माझी एक जुडी भाजी राहिली नव्हती, पाण्याचा डबा संपला होता. वाळूचा एक ट्रक नदीकडून येत होता. ड्रायव्हर हिंदी बोलणारा. मी वाटी काढून त्याच्या हातात दिली आणि जागा नीट सांगितली. "मांडवगण फराटा. फराटा, समझे?" तो म्हणाला, "हाँ हाँ, समझ गया मौसी."

तो समजला नव्हता. दुकानासमोर ट्रक हळू करून त्यानं वाटी टाकली आणि ओरडून सांगितलं, "मांडवगण फाटे पे! मौसी की सायकल!"

आता आमच्या गावाकडून मांडवगणला जायचं तर मोठ्या रस्त्यावरून एक वळण लागतं. त्याला सगळे मांडवगण फाटाच म्हणतात. तिथं काही नाही. ना झाड, ना टपरी. पाटी होती, ती कुणी नेली. मिस्तरीनं वाटीवर मिरची बघितली, गाडा जोडला आणि फाट्यावर जाऊन बसला. मी फराट्याला मारुतीच्या देवळाच्या सावलीत बसले आणि तो उन्हात फाट्यावर. दोघंही एकमेकांची वाट बघत.

बसून बसून माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं सूप घातलं आणि नेमकं लागलं तेव्हा हा नाही. मालक बोलायचे तेच खरं, असं वाटायला लागलं. शेवटी दुधाचा टेम्पो आला. तो आतल्या रस्त्यानं वाड्यावस्त्या फिरत दूध गोळा करत जातो, फाट्यावर येतच नाही. मी सायकल त्याच्या कॅनवर टाकली आणि फिरत फिरत गावात आले. सरळ दुकानात गेले. मिस्तरीला चार शब्द ऐकवायचे होते.

दुकानात मिस्तरीण एकटी. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी हितं? आन् त्ये?"

"कोण ते? मी फराट्याला बसून राहिले. नवरा कुठंय तुमचा?"

"फाट्यावर गेल्यात की. तुमच्यासाठी. सकाळीच."

तिथंच दोघींना कळलं काय झालं ते. तरी मला फार वाटलं नाही. म्हटलं बसला असेल दगडावर, नेमाप्रमाणं. मिस्तरीण शिव्या घालायला लागली होती. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला आणि त्यानं हात पुढं केला. हातात घंटीची वाटी.

"फाट्यावर एक म्हातारा बसलाय, त्यानं दिली. म्हणला दुकानात टाका."

"आनि काय म्हणले?"

"काही नाही. मी म्हटलं, बसा मागं, सोडतो. नको म्हणला. कुणाची तरी वाट बघतोय म्हणला." तो निघून गेला.

मिस्तरीणीनं वाटी उलटसुलट केली. मासा नाही, शिडी नाही. कोरी. गावातल्या बलुत्याच्या सगळ्या वाट्या तिला पाठ होत्या. बिनखुणेची एकच होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या सायकलीची.

तिनं आत जाऊन पाण्याचा कॅन भरला.

गावात जीप नव्हती, बाजारच्या दिवशी सगळ्या वडापच्या जीप भाडं मारायला गेलेल्या. दुकानात कुणाची तरी दुरुस्तीला आलेली सायकल उभी होती. मी ती घेतली. मिस्तरीणीला सायकल येत नव्हती, ती मागं कॅरेजवर बसली, मांडीवर तो कॅन. माझ्या भाजीच्या रिकाम्या गोण्या तिच्या खांद्यावर टाकल्या. का टाकल्या तेव्हा माहीत नव्हतं. हातात होत्या म्हणून टाकल्या.

तो फाट्यावर दगडाला टेकून बसला होता. शेजारी सायकल उभी, गाडा जोडलेला, सगळं नीट. डोळे उघडे. मला बघून म्हणाला, "आलात का? काय म्हणती?"

माझ्या सायकलीची चौकशी करत होता. मी कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

त्याला पाणी पाजायला गेलो तर ते ओघळून छातीवर आलं. दोघींनी उचलून गाड्यावर घातला. गाडा मोडक्या सायकलीसाठी केलेला, माणसाच्या मापाचा नव्हता, पाय बाहेर लोंबत राहिले. मग मी गोण्या पाण्यात भिजवल्या आणि त्याच्यावर पायापासून डोक्यापर्यंत टाकल्या. मेथीवर टाकते तशा. ओली गोणी टाकली की मेथी भर दुपारीसुद्धा मान टाकत नाही. दुसरं मला काही येत नव्हतं.

तोंडावरची गोणी तेवढी बाजूला सारत होतो, पण ती पुन्हा पुन्हा घसरून येत होती. तीन गाड्या आमच्या शेजारून गेल्या. आम्ही दोघींनी हात केले, ओरडलो. एक तर अगदी हळू झाली, ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि पुढं गेला. मिस्तरीण खाली दगड शोधायला लागली मारायला. मला तेव्हा कळलं. गाड्यावर गोणीखाली झाकलेला माणूस, दोन बाया ओढतायत. त्यांना वाटलं मेलाय. मेलेल्यासाठी कोण थांबतं? गोणी काढावी तर ऊन, ठेवावी तर कुणी थांबत नाही.

"काढू का?" मी विचारलं.

"नगा काढू," ती म्हणाली. "थांबतील न थांबतील. ऊन तर थांबत न्हाई."

म्हणून आम्ही ओढला. कॅनमधलं पाणी थोडं थोडं गोणीवर ओतत, आम्ही स्वतः न पिता. तेव्हाच तो नटाचं बोलला, आणि मग बोलायचा थांबला. सायकलीवर जो फाटा चुटकीसरशी येतो तो चालत आणि गाडा ढकलत किती लांब असतो ते मला अजून पायात आठवतं. मिस्तरीण एकदा पडली. उठली, गुडघ्याचं रक्त पदराला पुसलं आणि पुन्हा हँडल धरलं. रडली नाही. रडायला पाणी लागतं.

डॉक्टरच्या दारात पोचलो तेव्हा मी पायरीवरच बसले, मला पुढचं फारसं दिसलं नाही. आतून सलाईनच्या बाटल्यांचा आवाज येत होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता काही सांगत नाही. थांबा." आम्ही थांबलो. मिस्तरीण भिंतीला टेकून नुसती बसली होती, ती कोरी वाटी मुठीत धरून. मी म्हटलं, पाणी प्या. ती म्हणाली, "त्यांनी पिऊ द्या आधी."

तेवढ्यात एकजण भांडत आला. मी नेलेल्या सायकलीचा मालक. त्याची सायकल फाट्यावर टाकून आलो होतो. माणसाला आत सलाईन लावलंय म्हटलं तरी तो बोलायचा थांबेना. मी त्याला म्हटलं, जा आणि घेऊन ये, पाय फुकट आहेत. मालकांचं ते वाक्य एकदा तरी कामाला आलं.

ऊन उतरल्यावर मिस्तरीनं डोळे उघडले. आम्हाला आत बोलावलं. तो छताकडं बघत होता, बाहेरचं भांडण त्यानं ऐकलं असावं.

"सायकल तिथंच टाकून आलात?" म्हणाला. आवाज निघत नव्हता, पण राग होता. "आन् मला आनलं?"

मिस्तरीण त्याच्या तोंडाजवळ गेली. "माणूस बिघडला हुता," ती म्हणाली, "सायकल न्हाई." आणि मग ती रडली. पाणी पिऊन आली होती तोवर.

पुढं हिंडायला फिरायला लागल्यावर मी त्याला विचारलं, "स्वतःची वाटी पाठवलीत ती कुणाला?"

"पाय उचलंना. म्हनलं वाटी धाडू, कुनीतरी येईल."

"अहो, वाटी आली की येणारे तर तुम्हीच."

"व्हय की," म्हणाला. "त्ये ध्यानातच न्हवतं." आणि ट्रकवाल्याबद्दल एवढंच म्हणाला, "त्यानं एक 'रा' खाल्ला. खाऊ द्या. लांबचा मानूस."

पुढच्या सुगीला मी सूप भरत होते तर मालक म्हणाले, "आता कशाला? तू त्याला आणलंस. त्यानंच आपल्याला बाजरी घालायला पाहिजे." ते चेष्टेनं म्हणाले. दोन दिवसांनी मिस्तरी खरंच सूपभर बाजरी घेऊन दारात उभा. गावानं त्याला घातलेल्या बाजरीतलीच.

"हे काय?"

"बलुतं. माजं." त्यानं वाटी दाखवली. कोऱ्या वाटीवर त्यानं दोन मिरच्या ठोकल्या होत्या. "आता ही आली तर तुमच्याकडं धाडायची, असं घरात हिला सांगून ठिवलंय."

मी घेतली बाजरी. नको नको म्हणत बसायला मला जमत नाही. मीही त्याला घातली, त्यानंही मला घातली. मालक म्हणायचे, सूप इकडून तिकडं फिरवताय नुसतं, ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठेवलं तर काय बिघडेल. आम्ही दोघांनीही त्यांचं ऐकलं नाही. पुढं पोरांनी मोटारसायकली घेतल्या, मोबाईल आले, एकेकानं सूप बंद केलं. मिस्तरी डोक्यावर टोपी घालायला लागला, बायकोनं शिवलेली, आणि ती हनुवटीखाली नाडीनं बांधलेली असायची.

त्याची वाटी मला पुन्हा कधी आली नाही. मग मी एवढी वर्षं त्याची बाजरी खाल्ली ती कशाची? नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे फुकटच गेली ना, आजी?" मी त्याला म्हटलं, शोरूमवाल्याला विचार, तुमचा माणूस जागा सोडून जातो का. नसेल जात तर घे.

त्या दुपारी उन्हात आम्ही तिघं होतो आणि तिघंही वाचलो. मिस्तरीण पुढं काविळीनं गेली, मिस्तरी म्हातारपणानं. मी आहे.